फक्कीचं घर

“अगं, भिंतीतून चाललीस!” हे ओरडले.

मी जागच्या जागी थांबले. एका हातात टेपचं टोक, दुसऱ्या हातात चहाचा कप. खाली पाहिलं तर दोन पायांच्या मधे पांढरी रेघ. पुण्यातलं आमचं नवं घर ह्यांनी कऱ्हाडच्या अंगणात आखायला घेतलं होतं, अगदी खऱ्या मापाचं, आणि मी हॉलमधून थेट संडासात पोचले होते.

“मग दार कुठाय?”

“त्या दोन विटा दिसत नाहीत? ते दार. बाहेर जा आणि दारातून आत ये.”

फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. पाया खणायच्या आधी जमिनीवर तिच्या रेघा ओढतात, कुठली भिंत कुठं येणार ते दिसावं म्हणून. आमचे हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कॅनॉलवरच्या चौक्या, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, सगळ्यांची सुरुवात ह्यांच्या हातच्या फक्कीनं झालेली. रिटायर होऊन काही वर्षं झाली तरी अर्धं पोतं शेडमध्ये जपून ठेवलेलं होतं, आणि ते एकदाचं सत्कारणी लागल्याचा आनंद ह्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मला मात्र ते घर किती लहान आहे तेवढंच दिसत होतं. आमचं अंगण काही फार मोठं नाही, पण पुण्याचं घर त्याच्या एका कोपऱ्यात बसून वर नारळाच्या आळ्याला जागा उरत होती.

“मालन, च्या निवला बघ. आण हिकडं, गरम करते,” पायरीवरून वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. हे त्यांना आक्का म्हणायचे. त्या उठल्या, विटांपाशी आल्या, चपला बाहेर काढल्या, दारातून आत आल्या, माझ्या हातातला कप घेतला आणि दारातूनच परत गेल्या.

“बघ,” हे मला म्हणाले, “आक्काला कळतं.”

ज्या घराचा उंबरा वन्संनी एवढ्या मानानं ओलांडला, त्या घरात त्यांना जागाच नव्हती. रविवारी त्या मसूरला जाणार होत्या. ह्यांचे धाकटे भाऊ, उत्तम भाऊजी, तिथं शेती करतात. ते जीप घेऊन येणार आणि वन्संना कायमचं घेऊन जाणार. महिनाअखेर आम्ही दोघं पुण्याला. एक खोली, एक स्वयंपाकघर, बोळासारखा पॅसेज. कऱ्हाडचं अख्खं घर विकून पुण्यात तेवढंच आलं. मुलगी, रोहिणी, तिथं जवळच राहते. पण तिच्या घरी सासू-सासरे, दोन मुलं, तिथं आणखी कुणाची सोय होण्यासारखी नव्हती.

“आक्कानं मसूरला जायचं ठरलंय,” असं ह्यांनी मला एका संध्याकाळी सांगितलं होतं, भाजी काय आणू असं विचारावं तसं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तो विषय नको आता.” ह्यांनी विषय नको म्हटलं की तोंडाला कुलूप. मग माझी भीतीच सुरू झाली. भांडी कागदात बांधताना मधेच हात थांबायचे आणि मी वन्संचा आवाज कुठून येतोय ते ऐकत बसायची.

वन्संचं लग्न झालं तेव्हा त्या विशीच्याही आत होत्या. वर्षभरात परत आल्या. नवऱ्यानं मुंबईत दुसरी केली होती. तो जिवंत आहे म्हणून वन्संच्या कपाळावर कुंकू आणि गळ्यात काळी पोत तशीच. मी ह्या घरात आले तेव्हा त्या होत्याच. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. आज सकाळची ड्यूटी, उद्या रात्रीची. रोहिणी तान्ही असताना मी कानाला हेडफोन लावून कुणाकुणाचे कॉल जोडत बसायची, तेव्हा इकडे तिला पालथं घालणारी, न्हाऊ घालणारी, तापात उशाशी बसणारी बाई एकच होती. मी नोकरी केली असं लोक म्हणतात. नोकरी आम्ही दोघींनी केली, पगार फक्त माझ्या नावावर आला.

म्हणून काही आमच्यात रोज साखर सांडत होती असं नाही. आम्ही भांडायचो. आमटीत गूळ किती, दूध कधी विरजायचं, ओला फडका कुठं वाळत घालायचा, प्रत्येकावरून. पण भांडायला समोर माणूस लागतं, आणि वन्सं नसतील तर मी कुणाशी भांडणार? ह्यांच्याशी? ह्यांना फक्त भिंतींशी बोलता येतं.

आणि सगळ्या गल्लीला वाटत होतं की हे माझंच कारस्थान. समोरच्या यादव काकी कुंपणावरून वाकून हळूच म्हणाल्या, “सुटलीस बाई एकदाची.” मी त्यांना काय सांगणार? नणंद घराबाहेर निघाली की भावजयीनंच काढली, हे आपल्याकडे विचारायचीही गरज नसते. वन्संनाही तसंच वाटत असेल का, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्या माझ्याशी अचानक फार गोड वागायला लागल्या होत्या. आमटीला नाव नाही, फडक्याला नाव नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती.

ह्यांनी दुपारपर्यंत सामानही आखलं. हा पलंग, हे कपाट, हा फ्रिज, हे टेबल. पलंगाच्या चौकोनातच अर्धा हॉल गेला.

“इथं खाली एक अंथरूण बसेल की,” मी पलंगाशेजारची जागा दाखवत म्हणाले.

“कुणाचं?”

“वन्संचं.”

ह्यांनी टेप गुंडाळली. “नवरा-बायकोच्या खोलीत आक्का निजेल असं वाटतं तुला? आणि तिचं मसूरचं ठरलंय.”

हे खरं होतं, वन्सं आमच्या खोलीत झोपल्या नसत्या. सोवळ्याओवळ्याचं नसेल एवढं पथ्य त्या ह्या गोष्टीचं पाळायच्या. मी त्या रेघांकडे बघत राहिले. स्वयंपाकघर ओट्यानं आणि फ्रिजनं भरलेलं. उरला पॅसेज, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधला. तिथं काहीच आखलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवणं झाली, हे आत घोरत होते. मी स्वयंपाकघरात डबे पुसत बसले होते आणि सहज खिडकीतून पाहिलं. वन्सं अंगणात होत्या. इकडेतिकडे बघून त्या विटांपाशी गेल्या, चपला काढल्या, दारातून आत शिरल्या. हॉल ओलांडताना पलंगाला वळसा घातला. पॅसेजमध्ये आल्या, पदर सावरला आणि हळूच खाली बसून आडव्या झाल्या. भर उन्हात, मातीवर.

आधी उताण्या झाल्या. डोकं एका रेघेला लावून पाय लांब केले. मान उचलून टाचा कुठं येतात ते पाहिलं. वन्सं ठेंगण्या. टाचा पलीकडच्या रेघेच्या अलीकडेच राहिल्या. मग कुशीवर वळल्या. हात उशासारखा डोक्याखाली घेतला. आणि तशाच पडून राहिल्या, डोळे मिटून, जणू रात्र झालीय आणि दिवा मालवलाय.

मी खिडकीच्या आड झाले. परत पाहिलं तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. त्यांच्या पायानं एक रेघ विस्कटली होती. त्यांनी चिमटीनं चुना गोळा करून ती होती तशी नीट लावली, कुणाला कळू नये म्हणून. मग दारातून बाहेर आल्या आणि पदरानं पाठीची माती झटकली. त्यांचा चेहरा मी पाहिला. फार दिवसांनी तो असा मोकळा दिसत होता.

मी भिंतीला टेकले आणि रडले. दु:खानं नाही. त्यांना यायचं आहे, एवढंच मला हवं होतं. आणि त्या मावत होत्या! मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे उठेपर्यंत मला दम निघेना. चहा समोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. “पॅसेजमध्ये मावतात त्या. पाय पसरून. आता बोला.”

ह्यांनी तोंडाला लावलेला कप खाली घेतला. आधी मला वाटलं बहिणीच्या आठवणीनं गलबललेत. पण ते अंगणाकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. हिशोब चुकलेल्या माणसाचं.

“काय झालं?”

“त्या सेंटर लाइनी आहेत,” हे म्हणाले.

“म्हणजे?”

“पाया खणायला फक्की टाकतात ती भिंतीच्या मधोमध टाकतात. तिच्या दोन्ही अंगाला मग खणायचं. हाताला सवय तीच. मी काल तशीच टाकली.” त्यांनी कप खाली ठेवला. “रेघेला जाडी नसते. भिंतीला असते. अर्धी भिंत आतल्या बाजूला येणार. डोक्याकडून अर्धी, पायाकडून अर्धी.”

“किती?”

त्यांनी चार बोटं जोडून तेवढं अंतर दाखवलं. मग दुसऱ्या हातानंही.

“एवढी माझ्याकडून चूक झाली,” ते पुटपुटले. मला त्यांच्या चुकीशी काही देणंघेणं नव्हतं. वन्संच्या टाचा कुठवर आल्या होत्या ते मला आठवत होतं.

“असू दे. काही सांगू नका त्यांना. रेघा तशाच राहू देत.”

“खोटी लाइन मी जमिनीवर ठेवत नाही.”

“अहो, कोण खणणार आहे तिथं पाया?”

“उद्या पुण्याला गेल्यावर तिचे पाय भिंतीला लागतील. तेव्हा काय सांगू?”

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, तो तुमचा शिसवी पलंग कशाला न्यायचा? विकून टाका. आम्ही दोघी हॉलमध्ये खाली गादी घालून झोपू, तुम्ही स्वयंपाकघरात. “मी स्वयंपाकघरात?” असं ते म्हणाले, आणि मी म्हणाले, “का? झुरळांना सोबत होईल.” नेहमी ते अशावर हसतात. त्या दिवशी हसले नाहीत.

“मालन,” ते म्हणाले, “मी नाही तिला पाठवत. तिनंच सांगितलं. पुण्याचं घर बघून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाली, मला उत्तमकडं पोचव. आणि तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली.”

“का?”

“मलाही सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाली, कुणी ऊठ म्हणायच्या आधी आपण उठलेलं बरं.”

ऊठ म्हणणारी कोण, ते विचारायची गरज नव्हती. मीच. पण मी काय केलं होतं? आमटीत गूळ घालू दिला नाही म्हणून कुणी घर सोडत नाही.

शनिवारी सकाळी मी उठायच्या आत ह्यांनी काम सुरू केलं होतं. सगळ्या रेघांच्या आतून दुसऱ्या रेघा. हॉल आक्रसला, स्वयंपाकघर आक्रसलं. वन्सं पायरीवर बसून लसूण सोलत होत्या.

“ह्या आनी कशाच्या रं, हिंदुराव?” त्यांनी विचारलं.

“भिंतीची जाडी, आक्का. परवा राहिली होती.”

ह्यांनी पॅसेजच्या रेघा ओढल्या तेव्हा वन्संच्या हातातला लसूण थांबला. एक टोक, दुसरं टोक. मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्या फक्त “हं” म्हणाल्या. मग उठल्या, सालं गोळा केली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांची लोखंडी ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

मी मागोमाग गेले. त्या लुगड्यांच्या घड्या रचत होत्या.

“वन्सं, मसूरला जाऊ नका.”

“आगं, मला गावाकडची हवाच मानवती.”

सबंध आयुष्यात त्या मसूरला दोन रात्रींच्या वर राहिल्या नव्हत्या. उत्तम भाऊजी मनानं चांगले, पण त्यांच्या दोन सुनांचं आपसात पटत नव्हतं आणि घरी म्हशी चार. वन्सं तिथं काय होणार ते मला दिसत होतं. पहाटे धारा काढणार, दिवसभर दोघींच्या मधे उभ्या राहणार आणि रात्री ओसरीवर झोपणार.

“माझं काही चुकलं का? तोंडावर सांगा. शिव्या द्या, पण सांगा.”

“न्हाई गं. तुझं कायबी चुकलं न्हाई. तुझ्या जागी तू बराबर हायेस.” त्या हसल्या, परक्या बाईकडे बघून हसावं तशा. “ते हिरवं लुगडं आण बरं दोरीवरनं. वाळलं आसंल.”

मी लुगडं आणून दिलं. त्याहून जास्त काही करता आलं नाही.

रविवारी उत्तम भाऊजी आले. जीप फाटकाशी लावली, पाय धुतले, चहा घेतला. हे अंगणात त्यांना रेघा दाखवत होते, ही भिंत, हे दार, आणि भाऊजी “आरं बाबौ, ह्यात ऱ्हायचं?” म्हणत होते. वन्सं हिरवं लुगडं नेसून पायरीवर उभ्या होत्या. ट्रंक जीपमध्ये गेली होती.

“वयनी,” भाऊजी म्हणाले, “आक्काची ओटी भरा. लेक म्हायेरातनं निघालीया, रिकामी कशी जाणार?”

मी “आणते” म्हटलं आणि आत पळाले. कपाट उघडलं. खण काढला, देवापाशी ठेवलेला नारळ घेतला, हळदकुंकवासकट सगळं ताटात ठेवलं. तांदूळही ताटात काढले आणि ताट उचलवेना. ओटी भरायची म्हणजे जा म्हणायचं. माझ्या हातानं. मी तशीच उभी राहिले. बाहेरून वन्संचा आवाज आला. मी ऐकतेय हे त्यांना माहीत नव्हतं.

“ऱ्हाऊ दे रं उत्तम. ती न्हाई भरायची माझी ओटी.”

“का न्हाई?”

“आजवर कवा भरली? गौरीला गल्लीतल्या समद्या बायकांची भरली. दिवाळीत पाव्हण्यांची भरली. दारात आलेल्या बांगडीवालीची भरली. मी पल्याड ताट धरून हुबी. एक डाव माझ्या पदरात तांदूळ घातला न्हाई तिनं.” त्यांचा आवाज शांत होता. “टाकलेल्या बाईची ओटी कोण भरंल? तिला लेक हाय, संसार हाय, तिला भ्या वाटणारच. म्हनूनच मी म्हनले, जाते. एवढ्याशा घरात उठताबसता आसल्या बाईचं त्वांड कशाला बगायचं तिनं?”

मला आधी कळलंच नाही त्या काय बोलतायत. आणि कळलं तेव्हा मी तांदळाचं ताट तसंच घेऊन बाहेर धावले. पायात चपला नाहीत, पदर खांद्यावरून घसरलेला. हे आणि भाऊजी बघत राहिले.

“वन्सं! काय बोललात तुम्ही?”

त्यांनी तोंड फिरवलं.

“इकडं बघा माझ्याकडं! अहो, घरच्या माणसाची ओटी कुणी भरतं का? माझी भरली कुणी ह्या घरात? बाई आली, बसली, निघाली, की तिची भरतात. तुम्ही निघालातच कधी?” मला रडू आवरेना. “पहिल्या गौरीला मी तुमच्यासाठी ताट केलं होतं. खण, नारळ, सगळं. सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, तिची भरू नगंस, पोरी. तिला वाटंल, ही आल्या आल्या मला पाव्हणी करून लावून देतीया. ती ह्या घरातली हाय. त्या दिवसापासून मी तेच पाळलं. दरवर्षी पाळलं!”

भाऊजींनी टोपी काढून हातात घेतली.

“आईनं?” वन्सं म्हणाल्या. “आई म्हनली आसं?”

“देवाशप्पथ.”

“मला कसं सांगितलं न्हाईस कवा?”

“काय सांगू? तुम्ही घरच्या आहात, हे सांगायचं असतं का कुणाला?”

त्या पायरीवर खाली बसल्या. बराच वेळ गुडघ्यावरच्या लुगड्याचा काठ बोटांनी सरळ करत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं, एकदाही चढ्या आवाजात न सांगता, माझ्या पोरीला वाढवत, माझे डबे भरत. मला त्यांचा राग आला आणि माझाही आला.

“चला, ट्रंक उतरवा,” मी म्हणाले. “आम्ही दोघी हॉलमध्ये झोपू. पलंग विकायचाय.”

“आणि मी स्वयंपाकघरात,” हे म्हणाले. मी वळून पाहिलं. ते रेघांच्या आत उभे होते, स्वयंपाकघरातच. “आक्का, मी मोजलंय. मी मावतो.”

वन्संनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि पदर पसरला.

“भर.”

“आता कशाला? आता तुम्ही जाणार नाही.”

“भर म्हनते ना.”

“वन्सं, भरली तर तुम्ही जाल.”

“आनी न्हाई भरलीस तर मी काय समजायचं? तू सांगितलंस ते मी ऐकलं. पर ह्या पदरात अजून कायबी पडल्यालं न्हाई, मालन.”

त्यांचा तो रिकामा पदर माझ्यासमोर होता. लग्नाच्या वर्षानंतर तो कुणापुढे पसरलेला नव्हता. भरली तर माझ्या हातानं त्यांना निरोप दिल्यासारखं होणार. नाही भरली तर मी म्हणाले ते सगळं नुसतं तोंडचं ठरणार. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते पायाखालच्या रेघेकडे बघत होते. भाऊजींनी जीपची किल्ली खिशातून काढली होती आणि परत ठेवली होती.

मी भरली. हळद लावली, कुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला. ओंजळीनं तांदूळ घालताना निम्मे पायरीवर सांडले. एक ओंजळ, दुसरी, तिसरी, जे होतं ते सगळं घातलं. मग वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि उठवेना. जा म्हणायचं असतं ते माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

“ऊठ,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पदराची टोकं आवळून धरली, वळल्या आणि घरात गेल्या. ओटी घेतलेल्या बाईनं निघताना त्यातले चार दाणे त्या घरी परत टाकायचे असतात, घरात भरलेलं राहावं म्हणून. मला वाटलं देवापाशी दाणे ठेवायला गेल्या. आता बाहेर येतील, चपला घालतील, जीपमध्ये बसतील.

“आक्का, ऊन व्हायच्या आत निघायला पायजे,” भाऊजी बाहेरून म्हणाले, पण हळूच.

आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग तांदूळ पडल्याचा. चार दाण्यांचा नाही. पदर झटकून सगळी ओटी ओतल्याचा, पत्र्याच्या डब्यात, घरच्या तांदळात.

त्या दारात आल्या तेव्हा पदर रिकामा होता आणि कपाळावर मी लावलेलं कुंकू. त्यांनी भाऊजींना सांगितलं, ट्रंक आत आणून ठेव आणि जेवूनच जा. मग माझ्याकडे वळून, पहिल्यासारख्याच खेकसल्या.

“मालन, तांदळात सोंडकिडं झाल्यात, दिसत न्हाईत तुला? पुण्याला जाऊन काय खाऊ घालणार हायेस आमाला?”